सावंतांच्या बीमने दिलेलं उत्तर

मी जुन्या इमारती दुरुस्त करणारा इंजिनीअर. भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणाऱ्यांतला. तरी लिहितोय... कारण डोक्यातून जात नाही.

नालासोपारा पश्चिम, चार मजली सोसायटी, तळमजल्यावर सावंतकाकांचा हॉल. बीमच्या डाव्या टोकाला, कॉलमजवळ, तिरकी भेग. अशी भेग वाईट – बीम आधी वाकून सावध करत नाही, एकदम तुटतो. भेग भरून बाहेरून कार्बन फायबरचे पट्टे गुंडाळायचे आणि तोवर खाली लोखंडी टेकू, असं ठरलं होतं.

"टेकू सोमवारी लावा हो," काका म्हणाले. "रविवारी इथेच मुलीचा साखरपुडा आहे. पाहुण्यांसमोर हॉलभर खांब... बरं दिसतं का?"

मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, "डाव्या कोपऱ्यात दोनच लावतो, कपाटाआड लपतील." उजवं टोक गुळगुळीत होतं ना! या वाक्याचा मला आजही राग येतो.

सकाळचे अकरा. टेकू लावण्याआधी डावं टोक हातोडीने तपासत होतो. टक, टक, टक. थांबलो. आणि उजव्या टोकाकडून – टक, टक, टक.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही. वर्षभर बंद आहे तो फ्लॅट," काका म्हणाले. आवाज त्यांनीही ऐकला होता.

पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर. शिडी ओढली, उजवं टोक खरवडलं. बोटभर जाड पुट्टी निघाली, आणि तिच्याखाली तशीच तिरकी भेग, जास्त रुंद.

"काका, ही पुट्टी?"

ते खाली बघत म्हणाले, "गणपतीआधी रंग काढतो ना, तेव्हा भरतो... दर वर्षी."

त्याच दिवशी बीमखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकू लावले. काका चिडले, पण साखरपुडा देवळाच्या सभागृहात हलवला.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. बीम उजवीकडे तुटून टेकूंवर बसला होता. साखरपुड्याचा चौरंग आधी तिथेच मांडणार होते.

सेक्रेटरीसमोर वरचा फ्लॅट उघडला. जमिनीवर धुळीचा थर, एकही पाऊल नाही. पाइप, उंदीर, प्रतिध्वनी – सगळं तपासलं. एकही कारण पटलं नाही.

आता कुठेही ठोकून झालं की मी थांबतो. मिस्त्री हसतात. त्यानंतर एकदाही उत्तर आलेलं नाही. पूर्वी त्या शांततेत मी बीम पास करायचो... आता सही करताना हात अडतो.