सातूच्या शेतातलं कुलदैवत

मराठवाड्यात देव नाही असा डोंगर सापडणार नाही आणि माझ्या मावसकाकांनी चौकशी केली नाही असा देव सापडणार नाही. देगलूरला त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोयाबीनची पिशवी मागायला आलं की काका आधी विचारतात, "कुलदैवत कोणतं तुमचं?" आणि उत्तर मिळेपर्यंत पिशवीवरचा हात काढत नाहीत. एकदा त्यांना दवाखान्यात सुई टोचायची होती. त्यांनी नर्सबाईंना तोच प्रश्न केला. बाई म्हणाल्या, खंडोबा. "माळेगावचा की जेजुरीचा?" असं काका विचारेपर्यंत सुई टोचून झाली होती आणि त्यांना ती कळलीही नव्हती. बी उगवलं नाही म्हणून भांडायला आलेल्या एका शेतकऱ्याचं सगळं गाऱ्हाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "औंदा माहूरला जाऊन आलात का?" तो म्हणाला, न्हाई. "मग?" असं म्हणून काकांनी त्याला दुसरी पिशवी फुकट दिली आणि माहूरला कुठल्या गाडीनं जावं तेही सांगितलं.

मी लातूरच्या कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणून काकांचा माझ्यावर जीव आहे आणि विश्वास मात्र नाही. एकदा ते मला उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले. रामानं शरभंग ऋषींच्या अंगावरचं दुखणं बरं करण्यासाठी बाण मारला आणि जमिनीतून ऊन पाणी निघालं, अशी तिथली कथा. मी जमिनीतल्या गंधकाबद्दल बोलायला लागलो. काकांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "गंधक असंल की. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पण बाण कुणी मारला ते सांग."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, वैशालीनं, नॉर्वेत नोकरी धरली आणि तिथल्याच एरिक नावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. काका चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. तिचा फोन आला की ते उठून गोदामात जात आणि मावशी पदराआड फोन धरून हळू आवाजात बोलत बसे. असं वर्षभर चाललं. मावशीनं मला बोलावून घेतलं. मी काकांना म्हटलं, मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे. काका म्हणाले, "मला काय रंगाचं पडलं न्हाई रे. पण त्यांच्यात देव कोणता? पोरगी उद्या अडचणीत आली तर त्या घरात नाव कुणाचं घेईल?"

मी हे वैशालीला कळवलं. एरिकनं सांगितलं की त्यांच्या घरी कुणी चर्चमध्येसुद्धा फारसं जात नाही. पण वडिलांची शेती ज्या गावात आहे त्या गावाच्या नावातच थॉर आहे, आणि फार पूर्वी तिथं त्या देवाचं देऊळ होतं असं म्हणतात. मी हे सांगितलं तेव्हा काका पोत्यावर रेलून बसले होते. ते ताठ झाले. "थोर? नाव तर मराठीच हाय की!"

मग मी दर रविवारी देगलूरला जाऊन त्यांना नॉर्स, म्हणजे तिकडच्या जुन्या लोकांच्या देवांच्या कथा वाचून दाखवू लागलो. थॉर हातोडा फेकतो आणि वीज पडते म्हटल्यावर काका म्हणाले, "इंद्र. पुढं वाच." थॉरचा हातोडा राक्षसानं पळवला आणि बदल्यात नवरी मागितली, तेव्हा थॉर स्वतःच नवरीचा शालू नेसून गेला आणि हातोडा हातात येताच त्यानं मांडवातच सगळ्यांना झोपवलं, हे ऐकून दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा थांबली. "भीमानं कीचकाला असंच मारलं," काकांनी सगळ्यांना समजावलं. थॉरच्या गाडीला दोन बोकड जुंपलेले असतात, तो रात्री ते कापून खातो आणि सकाळी पुन्हा जिवंत करतो, यावर मात्र त्यांनी बराच विचार केला. "म्हंजे ह्यांच्या जत्रेत बोकडाचा बाजार बसलेला असंल," ते म्हणाले. लोकी नावाच्या कळलाव्या देवाला आधी त्यांनी नारद ठरवलं होतं. पण बाल्डर नावाच्या गुणी देवाला त्यानं कपटानं मारवलं हे कळल्यावर ते म्हणाले, "छ्या, हा शकुनी. नारदाचं नाव काढ तिथनं."

एका रविवारी माझं वाचन चालू असताना मावशीचा फोन वाजला. काका उठले. मला वाटलं, गोदामात जाणार. त्यांनी मावशीच्या हातातून फोन घेतला आणि कशी आहेस वगैरे काही न विचारता म्हणाले, "त्या गावाला जायला गाडी कुठं बदलावी लागती?"  पलीकडून रडण्याचा आवाज आला. काका म्हणाले, "रडायला काय झालं? थेट गाडी न्हाई का?"

लग्नाला काका आणि मावशी दोघंही गेली. लग्न झाल्यावर नव्या जोडप्यानं दोन्हीकडच्या कुलदैवतांना जाऊन यायचं, ही काकांची एकच अट होती. एरिकचे वडील एकटे राहत. उंच, अबोल शेतकरी. त्यांनी सगळ्यांना शेतावर नेलं. काकांनी विचारलं, "देऊळ कुठं हाय?" वैशालीनं भाषांतर केलं. त्या माणसानं समोरच्या सातूच्या शेताकडे हात केला. इथंच कुठंतरी होतं म्हणतात. आता एक दगडही उरलेला नाही. देवाला देऊळ नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली, असं मावशी नंतर सांगायची. त्यांनी थंड गवतात बूट-मोजे काढले, बांधावरच्या एका धोंड्याला कुंकू लावलं आणि देगलूरहून नेलेला नारळ फोडला. एरिकचे वडील बघत होते. त्यांनी खाली वाकून आपलेही बूट काढले.

पुढच्या हिवाळ्यात वैशाली, एरिक आणि त्याचे वडील माहूरला आले. गाडी मीच चालवली. पायऱ्या चढून रेणुकेसमोर गेल्यावर एरिकच्या वडिलांनी विचारलं, फक्त मुखच का? काकांनी सांगितलं, परशुरामाची आई जमिनीतून पुन्हा वर येणार होती. मागं वळून पाहू नको असं त्याला बजावलं होतं. त्याला राहवलं नाही. तो वळला, तेव्हा मुखच वर आलेलं होतं. तेवढंच राहिलं. वैशाली हे भाषांतर करून सांगत होती तसा तो उंच माणूस खाली बघायला लागला. मग म्हणाला, आमच्या बाल्डरसाठी जगातले सगळे रडले असते तर तो परत येणार होता. एक म्हातारी रडली नाही. तोही आला नाही. एरिकची आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. काकांनी त्याचा हात धरला आणि सगळ्या पायऱ्या उतरेपर्यंत सोडला नाही. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. तरी खाली आल्यावर चहाच्या टपरीवर दोघं तासभर एकमेकांशी बोलत बसले होते, आणि आम्हाला त्यांनी मध्ये पडू दिलं नाही.

यंदा एरिकचे वडील गेले. वैशालीला काकांनी विचारलं, तिकडं दहावं करत्यात का? ती म्हणाली, नाही. दुसऱ्या आठवड्यात काकांनी मला नांदेडला गोदावरीच्या घाटावर बोलावलं. गुरुजींनी मयताचं नातं विचारलं. "आमचा इवाई," काका म्हणाले. म्हणजे व्याही. नावाचा उच्चार गुरुजींना तीन प्रयत्नांनी जमला. पिंड मांडला. आम्ही बाजूला जाऊन उभे राहिलो. सकाळचं ऊन पाण्यावर पडलं होतं. बराच वेळ कावळा आला नाही आणि काका मान वर करून आभाळात बघत राहिले. मग एकदम दोन कावळे आले. एकानं पिंडाला चोच लावली आणि तो नदीपलीकडं उडून गेला. दुसरा तिथंच बसून राहिला. इतर पिंडांकडेही तो गेला नाही.

"दोनच येणार," काका हळूच म्हणाले. "त्यांच्या थोरल्या देवाकडं, ओडिनकडं, दोनच कावळे हायत. एक विचाराचा आन एक आठवणीचा. गेला तो विचाराचा."

गुरुजी म्हणाले, झालं, आता निघायला हरकत नाही. मी काकांच्या चपला आणायला वळलो.

"थांब जरा," काका म्हणाले, "ह्याला बसू दे." आणि ते तिथंच घाटाच्या पायरीवर त्याच्याकडं बघत बसले.