इंजिन सरांच्या दारात

"लकड़ी का बिल किसी और के नाम है. ये कौन हैं?" बाबूने विचारलं.

मी सरांच्या खुर्चीमागे उभा होतो. खुर्ची एकच होती. सरांनी मान वळवायची तसदीही घेतली नाही. म्हणाले, "अरे, यह हमारा आदमी है. बोट यही देखता है."

हमारा आदमी. वय बासष्ट. रेल्वेच्या कारखान्यात बत्तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडून परत बसवलेला. पेन्शनर, दोन नातींचा आजोबा. आणि ज्या होडीच्या नोंदणीसाठी आम्ही त्या कचेरीत गेलो होतो, तिचा मालक. पण सरांच्या एका वाक्यात मी त्यांचा झालो. जशी त्यांची छत्री, तसा मी.

बाबूने शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. "चालक का अंगूठा यहाँ." सही येते का, हे विचारलंसुद्धा नाही. मला सही येते हे सरांना ठाऊक होतं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

आता हे इथपर्यंत आलं कसं? माझ्या मूर्खपणामुळे. तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

नोकरीभर मला एकच हौस. गंगेत स्वतःच्या होडीत बसायचं आणि कुठंच जायचं नाही. बस. बनारसमध्ये होडी म्हणजे एकतर मल्लाहाची रोजी, नाहीतर बड्या लोकांचा गाद्या-लोड टाकलेला बजडा. मजेसाठी होडी ठेवणारा रिटायर फिटर कुणी पाहिलेला नाही. मी ठरवलं, बघा मग. वखारीतून साखूचं, म्हणजे सालाचं, लाकूड आणलं, कर भरल्याचं पक्कं बिल माझ्या नावानं घेतलं. पलीकडच्या रेतीवर मिस्त्रीनं होडी बांधली. हे मिस्त्री लोक मजुरीचं बिल देत नाहीत. होडी पाण्यात उतरते त्या दिवशी त्यांना धोतर, गमछा आणि लाडू द्यायचे, अशी रीत. दिले. लाडू मीही खाल्ले, मिस्त्रीपेक्षा जास्त.

राहिलं इंजिन. आणि इथे सर आले.

सर म्हणजे निवृत्त प्रोफेसर. रामघाटावरचं जुनं मराठी घर, कितव्या पिढीपासून इथे आहेत ते त्यांनाच पाठ. मी वर्धेकडचा. आम्ही महार, आता बौद्ध. परमुलखात दोन मराठी माणसं भेटली की आधी आनंद होतो आणि मग आडनाव विचारलं जातं. सरांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "असं, असं." पण मराठीत बोलत राहिले. मी त्यावरच खूश. घराबाहेर मराठी ऐकायला मी इतका हपापलेला होतो की त्यांनी मराठीत शिव्या दिल्या असत्या तरी वाहवा म्हटलं असतं.

त्यांनी शिव्या नाही दिल्या, सल्ला दिला. म्हणाले, खासगी होडी नोंदायची तर कर भरल्याचा पुरावा लागतो, आणि ती भाड्यानं चालवणार नाही हे पटवावं लागतं. तुझ्यासारख्याची होडी मजेची आहे हे कोण मानेल? धंदाच करतो म्हणतील. इंजिनाचं बिल माझ्या नावानं कर. माझ्याकडे बघून कुणी काही विचारणार नाही.

माझ्या पैशाचं इंजिन मी त्यांच्या नावानं घेतलं. वर पेढे घेऊन गेलो.

बायको बिल वाचून म्हणाली, "पैसे आपले अन् नाव त्याईचं कायले? डोकं कारखान्यात ठेवून आले का?"

मी हसलो तिला. तुला कळत नाही म्हणालो. बत्तीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकून बिघाड ओळखणारा मी, आणि सरांच्या आवाजातला बिघाड मला ऐकू आला नाही.

मग नोंदणी राहिली बाजूला. हिवाळाभर काय झालं? माझ्या होडीत सरांचे पाहुणे. पुण्याचे जावई, नागपूरचे व्याही. बालाजी घाटापासून पार अस्सी घाटापर्यंत. मी मागे इंजिनापाशी. एकदा सरांच्या सूनबाईंनी थर्मासमधून चहा वाटला. मला मातीचा कुल्हड मिळाला. मला वाटलं वा, बनारसी थाट. मग बघतो तर बाकी सगळ्यांच्या हातात चिनी मातीचे कप. चहा झाल्यावर कप पिशवीत गेले आणि माझा कुल्हड गंगेत. मी तेव्हाही स्वतःची समजूत घातली. कप कमी पडले असतील. समजूत घालण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

पण त्या कचेरीत, शाईच्या पॅडसमोर, समजूत संपली.

मी पॅड बाजूला केला. टेबलावरचं लाकडाचं बिल उचललं. "बोट मेरी है," म्हणालो. "शौक के लिए बनवाई है."

बाबू आधी सरांकडे बघून हसला, मग माझ्याकडे. "चाचा, तोहार कौन शौक?"

सर आवाज दाबून मराठीत बोलले. "अरे, इथे तमाशा नको. कागदावर माझी असू दे. वापर तूच कर ना, मी कुठे नाही म्हणतोय?"

त्या पंचविशीतल्या बाबूला ते आप म्हणत होते. मला अरे. आणि माझीच होडी मला वापरायची परवानगी देत होते, तीही उदार चेहऱ्यानं. इतका स्वस्त मोठेपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. याच माणसासाठी मी पेढे निवडले होते, केशर जास्त असलेले.

"सर," मी म्हणालो, मोठ्यानं, "होडी माझी आहे. तुम्ही तिच्यातले पाहुणे होता."

त्यांना ते मराठी समजायला जरा वेळ लागला.

बाबूने सरांनी स्वतःच्या नावानं भरलेला अर्ज मला दाखवून सांगितलं, इंजिनाचं बिल साहेबांच्या नावानं आहे, तुमच्या नावानं खासगी नोंदणी होणार नाही. बिल बदलून आणा. दुकानदार म्हणाला, ज्यांच्या नावानं बिल आहे त्यांनी लिहून दिलं तर बदलतो. आणि सरांचा निरोप आला. येऊन माफी माग, लगेच लिहून देतो.

मी गेलो. माफी मागायला नाही. होडीचं इंजिन मी स्वतः खोललं, एक नट न हरवता. ठेल्यावर घातलं. गल्लीत ठेला शिरेना, म्हणून शेवटच्या टप्प्यात ठेलेवाला आणि मी, दोघांनी ते उचलून नेलं. भर दुपारी सरांच्या दारात ठेवलं, वर त्यांच्या नावाचं बिल खोचलं. सर गॅलरीत आले. "अरे, हे काय?" मी म्हणालो, "तुमचं आहे. वापरा."

परत येताना रडू आलं, खोटं कशाला सांगू. ते इंजिन फार गोड चालायचं.

आता होडीला दोन वल्ही आहेत. मला वल्हवता येत नाही. एक मल्लाह मला किनाऱ्याला बांधलेल्या होडीत वल्हं धरायला शिकवतो आणि पोट धरून हसतो. त्याचं हसणं मला चालतं. तो मला चाचा म्हणतो आणि चुकलो की शिवीही देतो, दोन्ही तोंडावर.

नवा अर्ज मी माझ्या हातानं भरला आहे. मालकाच्या रकान्यात मी. उपयोगाच्या रकान्यात: खासगी, मजेसाठी. पुराव्याला लाकडाचं बिल, कर भरलेलं, माझ्या नावाचं. बाबूने तो दोनदा परत केला. आधी कुणा प्रतिष्ठित माणसाची शिफारस आणा म्हणाला, नंतर अर्ज टाइप करून आणा म्हणाला. टाइप करून नेला. शिफारस नेणार नाही. सोमवारी पुन्हा जाणार, त्याच्या पुढच्या सोमवारीही जाणार. ती एक खुर्ची रिकामी असेल तर बसूनच बोलणार. नोंदणी होईपर्यंत होडी किनाऱ्याला बांधलेली राहील, पण दुसऱ्या कुणाच्या नावानं ती पाण्यात जाणार नाही. आणि जाईल तेव्हा तिच्यात कोण बसेल, हे मी ठरवीन.