तलवार वाचणारे सर

"ठेवा इथं."

एवढं म्हणून सर उजवा तळवा पुढं करायचे, देवळात प्रसादासाठी करतात तसा. समोरच्यानं नुकतंच काहीतरी ठासून सांगितलेलं असायचं. किल्ल्यातून थेट तुळजापूरपर्यंत भुयार आहे, अमक्या विहिरीला तळच नाही, तमक्याचे पणजोबा बिबट्याशी नुसत्या हातांनी लढले. सर शेवटपर्यंत शांत ऐकायचे आणि मग तो तळवा यायचा. त्यावर पुरावा ठेवायचा. नळदुर्गात त्या तळव्यावर काही ठेवू शकलेली माणसं फार थोडी, आणि मी त्यांच्यात नाही.

मी बोर्ड रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून रंगवायचो म्हणायला हवं, पण हायवेवरचे काही ढाबेवाले अजून पत्र्यावर रंगच मागतात. सर तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवून नुकते निवृत्त झाले होते. बसस्टँडसमोर एका हॉटेलाचा बोर्ड करत मी शिडीवर उभा होतो आणि 'सुप्रसिद्ध' हा शब्द भरून झाला होता. खालून आवाज आला, कुठवर प्रसिद्ध? मी म्हणालो, सर, मालकानं सांगितलं ते लिहिलं. तर म्हणाले, मग तसंच लिहा, 'मालकाच्या मते सुप्रसिद्ध'. मालक गल्ल्यावर बसून ऐकत होता. पुढं दोन दिवस सरांना तिथं चहा मिळाला नाही.

घरातही हीच तऱ्हा. काकू एकदा म्हणाल्या, माझ्यासारखी शेंगदाण्याची चटणी अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत नाही. सरांनी विचारलं, तालुक्यातल्या किती घरची खाल्लीस? त्यानंतर आठवडाभर त्यांच्या ताटात चटणी पडली नाही. त्या आठवड्यात ते तीन-चार घरी जेवले आणि काकूंचं म्हणणं त्यांनी लेखी मान्य केलं.

लेखी म्हणजे वहीत. सरांकडं एक जाड वही होती. डाव्या पानावर वर लिहिलेलं 'सांगतात' आणि उजव्या पानावर 'सापडतं'. नळराजानं किल्ला बांधला, हे डावीकडं. किल्ल्यातल्या धरणाच्या भिंतीतला शिलालेख उजवीकडं. डावी पानं भरगच्च आणि उजवी बरीचशी कोरी. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, सर, डावं पान म्हणजे थापांचं पान. तर माझ्यावर उखडले. म्हणाले, डावं पान खोटं नसतं, ते फक्त अजून उजवीकडं आलेलं नसतं. कुणी काय सांगतं आणि का सांगतं, हाही इतिहासच आहे. असं चांगलं बोलायचे ते, पण दुसऱ्याच्या डाव्या पानाशी बोलताना त्यांना स्वतःलाच ते आठवायचं नाही.

आता किशनसिंगांबद्दल सांगायला हवं. तुमच्यापैकी कुणी सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं गेला असाल तर नळदुर्ग ओलांडल्यावर डाव्या हाताला लिंबाच्या झाडाखालचा त्यांचा ढाबा पाहिला असेल. पगडी, पांढरी दाढी, आणि तोंड उघडलं की आपलीच बोली. त्यांच्या किती पिढ्या इथं गेल्या त्यांनाही ठाऊक नव्हतं. पंजाब त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही एका लग्नाच्या वऱ्हाडात. पंजाबचे ट्रकवाले जेवायला उतरले की कौतुकानं पंजाबीत सुरू व्हायचे आणि किशनसिंग दखनीत उत्तर द्यायचे. मग ठरलेला प्रश्न यायचा, आपका पिंड कौनसा? म्हणजे मूळ गाव कोणतं. किशनसिंगांना ते माहीत नव्हतं. ड्रायव्हर गालात हसायचे. वाईट हेतूनं नाही, पण किशनसिंगांना ते लागायचं. पोटजातीचा दाखला मागितल्यासारखं वाटतं, असं ते मला एकदा म्हणाले होते.

त्यांच्याकडं त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. "हमारे बुजुर्गां गुरुमहाराज के संग आए." दहावे गुरू दक्षिणेत आले, नांदेडला त्यांचा अखेरचा मुक्काम झाला, हे तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. सरांच्या वहीतही ते उजव्या पानावर होतं. त्यांच्याबरोबर आलेल्यांतला एक धरमसिंग, तो आमचा मूळपुरुष, आणि घरातली तलवार त्याला तिथंच मिळालेली, असं किशनसिंगांच्या घरात सांगत आले होते. हे ऐकलं की ट्रकवाले हसायचे थांबायचे, काही जण पायाला हात लावायचे.

सर आणि किशनसिंग यांची बैठक रोजची होती. चार वाजता सर ढाब्यावर जायचे, किशनसिंग स्वतः चहा आणून समोर बसायचे आणि दोघं शीख इतिहासावर भांडायचे. सरांनी त्यासाठी पुस्तकं मागवली होती. त्या काळात लिहिलेलं कोणतं, शंभर वर्षांनी भक्तीनं लिहिलेलं कोणतं, ते खुणा करून दाखवायचे. किशनसिंग म्हणायचे, भक्तीनं लिवलेलं ते खोटं व्हय? सर म्हणायचे, खोटं नव्हे, वेगळं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघांनाही ते थांबायला नको होतं.

मग ती बस आली. नांदेड आणि बिदर करून मुंबईकडं निघालेले पंजाबचे यात्रेकरू होते. चारची वेळ, सर नेहमीच्या जागी चहा घेत बसले होते आणि मी ढाब्याचं भाव लिहिलेलं फळकूट रंगवत होतो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं. गप्पा झाल्या, पिंडाचा प्रश्न आला, उत्तर आलं. बायाबापड्यांनी तलवार बघायला मागितली. किशनसिंगांनी आंघोळ केली, मखमलीत गुंडाळलेली तलवार आणली, बाजेवर ठेवली. एक म्हातारी माथा टेकायला वाकली.

आणि सरांचा तळवा पुढं आला.

किशनसिंगांना वाटलं, सरही दर्शन घेतायत. त्यांनी मोठ्या आनंदानं तलवार हातात दिली. सरांचे वडील निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यांच्यामुळं सरांना उर्दू-फारसी आकडे येत. मुठीजवळ काहीतरी कोरलेलं होतं, ते त्यांनी भिंगातून वाचलं. हिजरी सन होता. बोटांवर हिशेब केला आणि त्यांना जे हिंदी वाटायचं त्या भाषेत मोठ्यानं जाहीर केलं, "ये तलवार गुरुमहाराज के बाद सव्वाशे साल की है." वर निजामानं पंजाबातून शीख फौज कशी आणवली, तेही शिकवलं. अगदी वर्गात शिकवावं तसं, खूश होऊन.

म्हातारी अर्धवट वाकलेली तशीच थांबली आणि सरळ झाली. किशनसिंगांनी तलवार मखमलीत गुंडाळली आणि म्हणाले, "सर, च्या घ्या. गार हुतोय."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी सर चार वाजता गेले तेव्हा चहा वेटरनं आणला. किशनसिंग गल्ल्यावरून राम राम म्हणाले आणि तिथंच बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तसंच. सर अर्धा चहा ठेवून उठले आणि माझ्या दुकानात येऊन डब्यावर बसले.

मी त्यांना चिडवायला गेलो, म्हटलं, हॉटेलवाल्यानं दोन दिवस चहा बंद केला होता, हे जास्त दिवस चालणार. ते हसले नाहीत. म्हणाले, तलवार नंतरची निघाली म्हणून माणसं नंतरची ठरत नाहीत, एवढं तरी मी तिथं म्हणायला हवं होतं. तेही पुराव्याला धरूनच झालं असतं. तेवढं मात्र सुचलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा आले, जरा उजळलेले. तो सन हिजरी नसून फसली असू शकतो, असं त्यांना वाटलं होतं. फसली म्हणजे निजामाच्या महसुलाचं वर्ष. हिशेब करून पाहिला तर तलवार आणखी सहा वर्षांनी अलीकडं आली. मित्राच्या बाजूनं आयुष्यात पहिल्यांदा पळवाट शोधायला निघालेला माणूस, आणि त्यातही सहा वर्षांचा तोटा. मला हसू आवरेना. मग मात्र तेही हसले.

त्यानंतर ते हैदराबादच्या फेऱ्या करायला लागले. एसटीनं जायचे, दोन दिवस जुन्या दफ्तरात बसायचे आणि डोळे लाल करून परतायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी मला सोबत धाडलं. निजामाच्या त्या शीख फौजेतल्या शिपायांच्या चेहरेपट्टीची बाडं होती. एकेका शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि अंगावरच्या खुणा. मला अक्षर कळत नव्हतं, मी पानं उलटायचो आणि ते भिंग धरायचे. तिथल्या बाकावर डबा खाताना मी विचारलं, सर, एवढं कशासाठी? तुमचं तर बरोबरच निघालं होतं.

ते म्हणाले, "मी किशनसिंगांच्या हातातलं काढून घेतलं. रिकाम्या हातानं कसा जाऊ त्यांच्याकडं?"

त्या फेरीत नाही, पुढच्या फेरीत सापडलं. धरमसिंग. नक्कल घेऊन सर ढाब्यावर गेले ते गिऱ्हाइकांच्या बाजूनं नाही, मागच्या अंगानं, घरात. मला बरोबर घेतलं होतं, धीराला म्हणून असेल. किशनसिंग खाटेवर बसले होते. सरांनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि परत सरांच्याच हातात दिला. "वाचा," म्हणाले.

सरांनी वाचलं. नाव धरमसिंग. गाव अमुक, परगणा अमुक. डाव्या गालावर तीळ.

झालं. सगळं घर गोळा झालं. किशनसिंगांच्या डाव्या गालावर दाढीत लपलेला तीळ होता, तो सुनेनं दाढी बाजूला करून सगळ्यांना दाखवला. नातीच्या हनुवटीवर होता, तोही धरायचा ठरलं. सर कळवळून सांगत होते, अहो, तीळ हा पुरावा नाही, माझ्याही पाठीवर आहे. कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवसापासून तिळाची गोष्ट ट्रकवाल्यांना सांगितली जाऊ लागली. जुनी दंतकथा सोडवायला गेलेल्या सरांनी जाता जाता नवी जन्माला घातली, हे मी त्यांना पुढं मरेपर्यंत ऐकवलं.

गलका शांत झाल्यावर किशनसिंगांनी विचारलं, "म्हंजी ह्यो आमचाच धरमसिंग? ह्ये आमचंच गाव?"

"बहुतेक," सर म्हणाले.

"बहुतेक न्हाय, सर. व्हय म्हणा एकदा."

सरांनी बाडातली ती जागा दाखवली. बापाच्या नावाच्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक होतं, त्याचीही नक्कल त्यांनी आणली होती. "हे नाव असतं, तुमच्या घरच्या नावांशी जुळलं असतं, तर म्हटलं असतं," ते म्हणाले. नुसतं हो म्हणायचं होतं. तिथं कुणी त्यांना पुरावा मागणार नव्हतं. मला वाटलं, म्हणतील. पण त्यांनी हो म्हटलं नाही.

किशनसिंग बराच वेळ त्या भोकाकडं बघत राहिले. मग गावाचं नाव दोनदा पुटपुटले, घास चघळावा तसं. आणि उठून स्वतः चहा टाकायला गेले.

बोर्ड लावायची कल्पना त्यांचीच. मजकूर सरांचा आणि रंग माझा. पत्र्यावर डावीकडं लिहिलं, 'आमचे पूर्वज गुरुमहाराजांसोबत आले, असं आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात.' उजवीकडं लिहिलं, 'निजामकाळच्या फौजेच्या कागदांत धरमसिंग हे नाव सापडतं. ते बहुतेक आमचेच.' आणि खाली गावाचं नाव. ते मी इथं देत नाही, बोर्ड तिथं आहे, जाऊन वाचा. 'बहुतेक'वरून दोघांचं शेवटपर्यंत भांडण चाललं. किशनसिंग म्हणायचे, तेवढा येक शब्द काढा. सर म्हणायचे, तेवढा एकच माझा आहे, बाकी सगळं तुमचं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. किशनसिंगांनी तिसऱ्या दिवशी ढाब्यावर लंगर ठेवला, येईल त्याला जेवू घातलं. अरदासीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेत, त्यांनी सरांचं नाव घेतलं आणि पुढचे शब्द विसरले. मुलानं पूर्ण केली. मीही तिथं होतो. मला रडू आलं, ते लपवलं नाही.

दिवाळीनंतर बोर्ड फिका पडला म्हणून त्यांनी मला बोलावलं. डावी बाजू भरून झाली, उजवी निम्मी झाली आणि मी ब्रश धरून थांबलो. म्हटलं, चाचा, तो शब्द तुम्हाला नको होता. आता सोडून देऊ का? विचारणारं कुणी नाही.

किशनसिंग लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. रस्त्यावरून दोन ट्रक गेले, त्यांचा आवाज लांब जाऊ दिला.

"लिव," ते म्हणाले. "अन् जरा मोठा लिव. लांबून दिसला पायजे."