नेरीनाची टोळी

नेरीनाच्या नवऱ्याला, इल्व्होला, पुरून आठवडाही झाला नव्हता, तोच रिपाल्ताची माणसं त्याची कुत्री मागायला आली.

रिपाल्ता म्हणजे डोंगरापलीकडचं गाव. रानडुकरांच्या बाबतीत आमचं आणि त्यांचं पिढ्यान् पिढ्या वाकडं. त्यांच्या शिकारी टोळीतले दोघे गाडीत पिंजरे टाकूनच आले होते. मी तेव्हा नेरीनाच्या अंगणात तिच्या विहिरीचा पंप खोलून बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"वहिनी, इल्व्हो गेला. आता ही कुत्री नुसती बांधून काय करणार? तुमची टोळी आज ना उद्या बंदच पडायचीय. आमच्याकडे निदान रान तरी बघतील."

नेरीना कोंबड्यांना दाणे टाकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कुत्र्यांना विचारलंत?"

त्यांनी हाका मारल्या, मटणाचे तुकडे दाखवले. इल्व्होची म्होरकी कुत्री सायेत्ता उठली, तुकडा खाल्ला आणि परत येऊन नेरीनाच्या पायांमागे बसली. बाकीची जागची हललीसुद्धा नाहीत.

"मग रानात कुत्री सोडून डुकरं उठवायचा हाका कोण घालणार? तुम्ही?" त्यातला एक हसून म्हणाला.

"हो. शिकारीचा परवाना काढते."

तेही हसले आणि खरं सांगायचं तर पंपाआड मीही हसलो. नेरीना शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. वय छप्पन्न. पण एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. डुकराच्या सुळ्यानं फाटलेली कुत्र्यांची पोटं इतकी वर्षं तीच शिवत आली होती, आणि डोंगराच्या कुठल्या अंगाला वारं कधी फिरतं हे इल्व्हो घरी येऊन तिलाच विचारायचा. कोळसा पाडणाऱ्याची मुलगी ती, त्याच रानात वाढलेली.

सास्सोव्हेर्नो या आमच्या गावाची टोळी खरोखरच शेवटच्या घटका मोजत होती. माझ्या वडिलांच्या वेळी शिकारीच्या दिवशी चौकात गाड्या लावायला जागा पुरायची नाही. आता निम्मे गुडघे धरून चालणारे आणि उरलेल्या निम्म्यांना डुक्कर अंगावरून गेलं तरी ऐकू न येणारे. पोरं फ्लोरेन्सला, नाहीतर त्याहून लांब गेलेली. जी इथे राहिली त्यांना बंदुकीची लाज वाटायची. डुकरांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. ती दरवर्षी वाढत होती. द्राक्षं, मका, बटाटे, काही सोडत नव्हती. टोळीच्या नोंदणीला ठरावीक माणसं लागतात. आमची कशीबशी भरत होती. इल्व्हो गेला आणि एक कमी पडलं.

नेरीना परवान्याची परीक्षा पास होऊन आली तेव्हा टोळीचा म्होरक्या अदेल्मोकाका डोकं खाजवत म्हणाला, "तसं काही नाही गं, पण बाईमाणूस असलं की आम्ही शिव्या कुठे द्यायच्या?"

"माझ्यापेक्षा चांगल्या येत असतील तर खुशाल द्या."

पहिल्याच हिवाळ्यात तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली. आम्ही ओढ्याकाठी, पायवाटांवर आपापल्या जागा धरून उभे राहायचो, आणि ती कुत्री घेऊन काटेरी जाळीत शिरायची. तिचा आवाज ऐकू आला की डुक्कर कुठे आहे, कुठल्या बाजूला वळतंय, सोबत पिलं आहेत का, सगळं कळायचं. पोरांना जेवायला बोलावून कमावलेला गळा होता तो.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र तो प्रकार झाला.

धुकं होतं. नेरीना वरच्या जाळीतून कुत्री खाली आणत होती. तोरेल्लो, म्हणजे अदेल्मोकाकाचा मेहुणा, ओत्ताव्हियाच्या द्राक्षमळ्याच्या कुंपणाजवळ उभा होता. झुडूप हललं आणि त्यानं गोळी घातली. गोळी नेरीनाच्या शेजारच्या ओकच्या झाडात घुसली. ढलपी उडून तिच्या गालाला लागली. मी धावत पोचलो तेव्हा ती खाली बसून कुत्री चाचपत होती, एकेकाच्या अंगावरून हात फिरवत. मग उठली आणि बिगुल वाजवून हाका थांबवला.

टोळीच्या घरात चूल पेटलेली होती, पण कुणी पेल्याला हात लावला नाही.

"मला डुक्करच वाटलं," तोरेल्लो म्हणाला.

"वाटलं," नेरीना म्हणाली. "बघितलंस का?"

"धुकं होतं, वहिनी."

"म्हणूनच बघायचं असतं. काका, याचं नाव टोळीतून काढा."

अदेल्मोकाकानं चुलीत एक लाकूड सारलं. "नाव काढलं तर नोंदणी जाते, नेरीना. टोळी मोडेल. आपलं रान रिपाल्ताला जाईल. एका चुकीपायी..."

"जाऊ दे. टोळी टिकवायला एखादं माणूस मारायचं असेल तर मला ती टोळीच नको. पोरं का येत नाहीत म्हणता ना? आपल्या पोरांना या धुक्यात याच्याशेजारी उभं कराल का तुम्ही?"

शेवटी अदेल्मोकाका उठला, मेहुण्याच्या खांद्यावरून टोळीचा नारिंगी पट्टा स्वतःच्या हातानं काढला आणि म्हणाला, "घरी जा, तोरेल्लो. तुझ्या बहिणीला मी सांगेन." बायकोनं नंतर महिनाभर त्याच्याशी धड बोलणं ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेरीना मला गाडीत घालून ओत्ताव्हियाकडे घेऊन गेली. ओत्ताव्हिया मिलानहून येऊन इथे द्राक्षमळा करणारी. आल्या वर्षीच तिनं बांधावर 'शिकाऱ्यांना मज्जाव' अशा पाट्या लावल्या होत्या. बाजारात समोर आली तर आमचे लोक रस्ता ओलांडायचे.

"काल तुमच्या कुंपणाजवळ एक गोळी चुकीची सुटली," नेरीना दारातच म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगायला आले."

ओत्ताव्हियाचा चेहरा ताठ झाला. मला वाटलं, आता पोलीस येतात.

"त्याचं काय केलंत?"

"काढला."

"मग तुमची टोळी?"

"माणसं पुरत नाहीत. बहुतेक बंद होईल. तुम्हाला बरंच वाटेल."

ओत्ताव्हियानं आम्हाला आत बोलावलं नाही, स्वतःच बाहेर आली आणि मळ्यात घेऊन गेली. वेलींच्या खालच्या दोन ओळी डुकरांनी नांगरल्यासारख्या उकरल्या होत्या. "हे या हंगामातलं," ती म्हणाली. "मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये."

"बंदुकीशिवाय या एकदा," नेरीना म्हणाली. "कुत्र्यांबरोबर चाला. मग शिव्या द्यायच्या त्या द्या."

ती आली. रिपाल्तानं रान मागितलं होतं, पण वसंतापर्यंत निर्णय व्हायचा नव्हता. तेवढ्या काळात ओत्ताव्हिया दर आठवड्याला नेरीनाच्या मागे काट्यांतून फिरली, माग बघायला शिकली, मादी आणि नर खुरांवरून ओळखायला लागली. तिनं परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा बेकरीवाल्याची मुलगी आल्दिना आणि डाकघरातला तरुण एर्मेते तिच्याबरोबर बसले. "आई म्हणाली, नेरीनाकाकू आहे ना, मग जा," असं आल्दिनानं मला सांगितलं. तोरेल्लोची गोष्ट सगळ्या खोऱ्यात पसरली होती. आम्हाला वाटलं होतं नाचक्की होईल. झालं उलटंच.

वसंतात नोंदणी भरली, आणि जास्तीचीच भरली.

ओत्ताव्हियाच्या पहिल्या हाक्याला तिच्यासमोरून भलामोठा नर गेला आणि तिनं बंदूक उचललीच नाही. म्हातारे कपाळाला हात लावून बसले.

"काय झालं गं?" अदेल्मोकाकानं विचारलं.

"मागे रस्ता होता. गाडी आली असती तर?"

"शंभर किलोचा होता तो, पोरी."

"पुढच्या आठवड्यात ऐंशीचा येईल," नेरीना म्हणाली. "जेवा आता."

त्या शरदात रिपाल्ताची टोळीच मोडली. त्यांचे म्हातारे थकले आणि मागून कुणी आलं नाही. पिंजरे घेऊन आलेले तेच दोघे नेरीनाच्या अंगणात टोप्या काढून, आम्हालाही टोळीत घ्या म्हणत, उभे राहिले. तिनं त्यांना हसून छळलं नाही. "रविवारी सकाळी नेमबाजीच्या सरावाला या, सगळ्यांबरोबर," एवढंच म्हणाली. अदेल्मोकाकानं म्होरकेपण सोडलं, तेव्हा हात वर करून मतं घ्यायची वेळच आली नाही. त्यानं म्होरक्याचा बिगुल तिच्यापुढे सरकवला, आणि तिनं तो घेतला.

लोक म्हणतात, शिकार आमच्या पिढीबरोबर संपणार. संपेलही कुठे कुठे. आमच्या डोंगरावर नाही. या वसंतात आणखी चारजण परीक्षेला बसतायत, त्यांत दोन मुली, आणि एक पोरगा असा की ज्याच्या आजोबांनी बंदूक विकून टाकली होती.

तोरेल्लोला नेरीनानंच परत बोलावलं. बंदूक नाही, फक्त चूल. तो महिनाभर फुरंगटला आणि मग आला. रानडुकराचा रस्सा मात्र असा करतो, की रिपाल्ताचे लोक आता त्याच्यासाठीच लवकर येतात.