कमलताईनं लिहिलेलं नाव

माझ्या बहिणीनं एका बाईचं नाव कागदावर लिहिलं, आणि ती बाई मेली.

असं मी नाही म्हणत. ती म्हणायची. जन्मभर म्हणत होती.

आज सकाळी बुलढाण्याला कमलताई गेली. चौऱ्याण्णव वर्षांची होती. मी तिची धाकटी बहीण. एका बोटानं टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूचं. तेव्हा सीपी अँड बेरार होतं, सगळा कारभार नागपूरहून चालायचा. गावाला पाणी एकाच विहिरीचं. पायऱ्यांची विहीर. खाली उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची.

आणि गावात नारू होता.

पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडायचा. मलाही झाला होता. घोट्यावर डाग अजून आहे.

त्या वर्षी होळी झाल्यावर नागपूर विद्यापीठाचे एक प्रोफेसर आले. सोबत चार विद्यार्थी. मलकापूरला रेल्वेनं उतरून बैलगाडीनं. गावातलं सेवा मंडळ आणि विद्यापीठ मिळून नारूचा सर्व्हे करणार होते. मंडळाचे अध्यक्ष गावचे मोठे जमीनदार, आम्ही त्यांना दादासाहेब म्हणायचो.

पण बाया परक्या पुरुषांना पाय कशा दाखवतील?

म्हणून मंडळानं ताईला बोलावलं. सोळा वर्षांची, चौथी पास.

काय खूश होती ती! प्रोफेसर तिला "कमलाबाई" म्हणायचे, "अहो" म्हणायचे. आमच्या घरात तिला "अहो" म्हणणारं कोणी जन्मलं नव्हतं.

ती घरोघर गेली. दादासाहेबांच्या घरीही गेली. तिथं कोणी पाय दाखवायला बाहेर आलं नाही.

शेजारची यमुनावहिनी भाजीपाला लावणाऱ्या घरची सून. सात महिन्यांची पोटुशी. तिनं पाय लुगड्यात लपवून ठेवला होता. मी तिथंच बसले होते.

"दाखव ना वो वहिनी. मी काय परकी आहो?"

"नाव लेहून कोनाले देशीन?"

"नागपूरच्या साह्यबाले. ते पायऱ्या बुजवनार हायेत, वरून रहाट लावनार हायेत. मंग तुले पान्यात उतराचं कामच नाही राहनार."

"खरं?"

"तुयी शपथ."

यमुनावहिनीनं लुगडं वर केलं. ताईनं नाव लिहिलं. अक्षर सुंदर होतं तिचं.

प्रोफेसर वही घेऊन गेले. मंडळ सोबत काम करत होतं, म्हणून यादीची एक प्रत मंडळाला दिली.

आठ दिवसांनी दवंडी पिटली. यादीतल्या कोणी विहिरीवर यायचं नाही. त्यांच्या पायानं पाणी नासतं, असं विद्यापीठानं सांगितलंय म्हणे.

विहिरीवर कोतवाल बसवला. त्याला वाचता येत नव्हतं. नावं पाठ करून दिली होती.

दादासाहेबांच्या घरच्या बाया मात्र विहिरीवर जात होत्या. त्यातली एक लंगडत होती. सगळ्या गावाला दिसत होतं.

जिनं विश्वासानं पाय दाखवला, तिलाच पाणी बंद.

ताई दादासाहेबांकडे गेली. "माह्या हातची यादी हाये. मले वापस द्या."

ते ओरडलेही नाहीत. हसून म्हणाले, "पोरी, गावाच्या भल्यासाठीच हाये हे. तूच तं लेहलं."

चैत्राचं ऊन. यमुनावहिनी तसा पाय घेऊन टेकडीपलीकडच्या नाल्यावर जायची. रेतीत खड्डा उकरायचा, पाणी झिरपायची वाट पाहायची, वाटीवाटीनं घागर भरायची. ताई स्वतःच्या घागरीतलं पाणी तिला द्यायला लागली, तर कोतवालानं आमच्या आईला दम दिला. मग आईनं ताईला अडवलं.

एक दिवस उतारावर वहिनी घसरली. दगडावर पाय आपटून नारू आतच तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. तापात बाळ गेलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तीही गेली.

ताई त्यांच्या दारात गेली. वहिनीची सासू ओट्यावर बसली होती. ती रडली नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं.

"काऊन लेहलं वो माय?"

पावसाळ्यानंतर प्रोफेसर आले. ताईनं सगळं सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, "मंडळ आपलं सहकारी होतं, कमलाबाई. यादीचं असं होईल हे मला सुचलंच नाही."

चांगले होते ते. बुलढाण्याला डिप्टी कमिशनरला पत्र लिहितो म्हणाले. लिहिलंही असेल.

पुढं रिपोर्ट छापून आला. इंग्रजीत. मंडळाच्या कपाटात पडून राहिला. पायऱ्या कित्येक वर्षं तशाच होत्या. सीपी अँड बेरार गेलं, मंडळ मोडलं. नारू नंतर देशातूनच गेला. त्यात आमच्या गावाच्या त्या वहीचा काही उपयोग झाला का, कोण सांगणार?

ताईनं पुन्हा लेखणी धरली नाही. बँक, मतदान, पोराचा शाळेचा दाखला, सगळीकडे अंगठा. तिच्या नातवंडांना वाटायचं आजी अडाणी आहे. मी शिक्षिका झाले, हजारो पोरांना अक्षरं शिकवली. ताईला पुन्हा एक अक्षर लिहायला लावणं मला जमलं नाही.

मी समजूत घालायची, "तू नसतं लेहलं तं दुसऱ्या कोनी लेहलं असतं."

"दुसरी कोन होती गावात लेहनारी?"

 

शेवटचे चार दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. मला वाटलं, आता तरी विसरली असेल. काल दुपारी पाण्याचा चमचा तोंडाशी नेला तर तिनं ओठ मिटून घेतले. डोळे उघडे होते. नर्स म्हणाली, असं होतं या वयात.

होत असेल.

ताई, जा आता.

भावपूर्ण श्रद्धांजली, दोघींना. यमुनावहिनीला आजवर कोणी वाहिलीच नव्हती.