बाबूशेठचा स्वतंत्र ठेकेदार

करवतीखाली भुसा जमतो तसे वखारीत किस्से जमतात. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण झाडू फिरवला की ढीग निघतो! नाशिकचे लाकूडवाले बाबूशेठ माझे अशील, त्यामुळे माझ्या वाट्याला हा ढीग आलाय.

केस साधी होती. शेठ वखारीचं झाडतोडीचं काम बंद करणार होते. अर्धं आयुष्य त्यांच्याकडे झाडं तोडणारा पेठकडचा नामदेव घरी बसणार होता. तो कामगार ठरला तर काम सुटल्यावर त्याला विम्याचा भत्ता मिळणार, शेठना मात्र त्या विम्याची मागची वर्गणी भरावी लागणार. स्वतंत्र ठेकेदार ठरला, तर शेठ सुटले आणि नामदेव रिकाम्या हाताने घरी! अर्ज त्याच्या लेकीने केलेला. तो स्वतः शेठसमोर मान वर करायलाही लाजायचा.

आणि मी शेठचा वकील.

*

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "शेठ, नामदेव स्वतःच्या मर्जीने येतो ना?"

"एकदम स्वतःच्या मर्जीने! सातला नाही आला तर मी घरी जाऊन उठवतो त्याला!"

मी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

*

मग आला अवजारांचा मुद्दा. ठेकेदाराची अवजारं स्वतःची असतात, हे मी शेठना समजावलं. शेठ खूश! खंडेनवमीला वखारीत मशीनची करवत, कुऱ्हाडी, दोर मांडून पूजा झाली. नारळ फुटल्यावर शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "नामदेव, ही करवत तुझी!"

नामदेवचे डोळे भरून आले. "मंग आज घरी नेऊ, शेठ? पोरीला दाखवतो."

"हात तर लावून बघ!"

*

मी म्हटलं, निदान त्याला बाहेरचं एखादं काम तरी करू द्या. तेवढाच पुरावा! ओझरला एका बंगल्यात वठलेला आंबा पाडायचा होता. झाड तोडायची परवानगी होती, नामदेव गेला. दुपारी बंगल्यातल्या बाईंना झाडाखाली कुणीतरी ओरडताना दिसलं. "दोर आधी बांध! तिकडून नको, डावीकडून काप! आणि जेवलास का?"

बाईंनी विचारलं, "हे कोण?"

नामदेव फांदीवरून म्हणाला, "शेठ हायेत आमचे. त्यांच्याबिगर मला झाड पाडता येत नाय, असं त्यांना वाटतं."

शेठ स्कूटरवरून डबा घेऊन गेले होते!

*

मी शेवटचा उपाय केला. 'नामदेव, झाडतोड ठेकेदार' अशी छान कार्डं छापून दिली. नामदेवने ती गावभर वाटली. शेठ आठ दिवस वैतागून मला फोन करत होते, कारण कार्डासाठी नामदेवने नंबर त्यांचाच दिला होता.

नामदेवला विचारलं तर म्हणाला, "कुठं जायचं, कुठं नाय, ते शेठच ठरवत्यात ना! मी फोन घेऊन काय करू?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला. आपण हरलो तर बरं, असं वकिलाला वाटणं चांगलं नाही. पण वाटलं.

*

सुनावणीला विमा कार्यालयाच्या साहेबांसमोर मात्र शेठ पढवल्यासारखे बोलले. पढवलं मीच होतं.

"साहेब, नामदेव त्याच्या मनाचा राजा! कधी यावं, कधी जावं, मी कध्धी विचारत नाही."

साहेब लिहीत गेले. केस जिंकल्यात जमा होती. कोपऱ्यातल्या बाकावर नामदेवची लेक खाली मान घालून बसली होती. माझं तिकडे बघायचं धाडस होईना.

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "ठीक आहे. नामदेव, तुमचं काम झालं. तुम्ही जाऊ शकता."

नामदेव उठला, पण गेला नाही. शेठकडे वळून म्हणाला, "शेठ, जाऊ?"

शेठनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाच कुठे वाजलेत? बस खाली!"

नामदेव बसला.

साहेबांनी टोपण पुन्हा उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "वकीलसाहेब, तुम्हाला आणखी काही म्हणायचंय?"

"काही नाही, साहेब!" मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.