शेवटचा पत्ता शेजाऱ्याचा

मी तीन दिवस एकच कर्नल पुन्हा पुन्हा तपासला आणि त्या जोरावर एका मुलीच्या कामावर आळ घेतला. तोही प्रकल्पाच्या मेलयादीवर, चारचौघांत, शुद्ध इंग्रजीत.

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली कोणती जागा, हे तो ठरवतो. आमचा कर्नल लहान. ठिकठिकाणचे पाच-पंचवीस हौशी लोक मिळून लिहितात. त्यातला एक मी, हिंगोलीत कॉम्प्युटर शिकवणारा मास्तर. दुसरी ती, माझीच जुनी विद्यार्थिनी, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावरची. कर्नलच्या कोडमधला तिचा पहिलावहिला बदल नुकताच स्वीकारला गेला होता.

त्याच सुमारास नवा कर्नल बिघडला. प्रोग्रामने एक फाइल मेमरीतून काढली, की शेजारच्या फाइलचं पहिलं पान गायब! जुना कर्नल मात्र ठणठणीत. मधे साठेक बदल. दोषी शोधायची रीत सोपी आहे. मधला बदल धरायचा, तिथपर्यंतचा कर्नल बांधून चालवायचा. बिघडलेला निघाला तर दोष आधीच्या निम्म्यात, धड निघाला तर नंतरच्या. मी निम्मे-निम्मे करत गेलो. दर वेळी बिघडलेलाच. सरकत सरकत बोट यादीतल्या अगदी पहिल्या बदलावर आलं. तो तिचा होता.

मी लगेच लिहून मोकळा झालो. प्रकल्प सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं: उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा नाही आला, तर हा बदल काढून टाकतो.

सकाळच्या जीपने ती माझ्या दारात. रडेल, भांडेल, अशा तयारीत मी होतो. ती पाणी प्यायली आणि सरळ माझ्या मशीनपुढे बसली.

"सर, तपासायच्या आधी याला नाव इचारलं व्हतं का?"

"कुणाला?"

"कर्नलला. कोणता चालू हाय ते."

"अगं, मी स्वतः बांधलाय. मला ठाऊक नसेल?"

तिने एक ओळ टाइप केली. चालू होता तो पहिल्या दिवशीचा, बिघडलेला. नंतरचे सगळे मी बांधले खरे, पण मशीन दर वेळी त्या पहिल्यालाच उठवत होतं.

"म्हंजी एकाच लेकराला सहा डाव नापास केलं तुमी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

नव्याने बांधलेल्या प्रत्येक कर्नलला तिने पिकाचं नाव दिलं. हळद, तूर, हरभरा. सुरू झाला की आधी नाव विचारायची, मगच चाचणी. घाई नाही, अंदाज नाही. निम्मे करायची रीत मीच तिला फळ्यावर ऐटीत शिकवली होती. नाव विचारणं माझ्या वहीत नव्हतंच. ते कुठून शिकलीस, म्हटलं तर हसली. "मीबी फसले व्हते एकदा. पण कुणाचं नाव घ्यायच्या आधी उमगलं."

मी चहा टाकायला उठलो. दुसरं काही करण्याजोगं उरलं नव्हतं.

हळद धड निघाली, तूर बिघडलेली. दुपार कलता कलता एकच बदल उरला. तिने पडदा माझ्याकडे वळवला.

वर माझं नाव. ज्या दोन ओळींसाठी मी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले होते, त्याच. मेमरीतली जागा मोकळी करताना शेवटचा पत्ता सुटतोय, असं समजून मी तिथे 'पेक्षा कमी'च्या चिन्हाला एक बरोबरीचं चिन्ह जोडलं होतं.

"सर, हितं 'पर्यंत' म्हंजी त्याच्या आदीपर्यंत. शेवटचा पत्ता आपला नसतोच. तिथून शेजाऱ्याचं सुरू होतं."

तिने खुलासा लिहिला: चाचणी कशी केली, दोष कोणत्या ओळीत. माझ्या आळाबद्दल एक अक्षर नाही. ते मग मी खाली लिहिलं, या वेळी इंग्रजी जरा अडखळलं. ऊन उतरायच्या आत उत्तर आलं. तिचा बदल राहिला, माझा गेला.

ती चपला घालत होती, तरी माझी खुमखुमी जाईना. "एक चिन्हच तर होतं गं."

"आमच्याकडं वीतभर जमिनीपायी लोक कोर्टात जातात, सर. बांध कोरला तुमी, अन् चोर मला ठरवून राहिले व्हते."